मुंगी नेते, पण खातं कोण?

झाडाच्या बुंध्याशी मुंग्यांची रांग चालली आहे. रांगेपासून वीतभर अंतरावर साखरेच्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि शेजारी नुकताच मेलेला एक पतंग. एखाद्या दिवशी थेंबाभोवती मुंग्यांचं कडं पडतं आणि पतंगाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. काही दिवसांनी त्याच बुंध्याशी, त्याच रांगेजवळ पुन्हा तसाच थेंब ठेवावा, तर मुंग्या गोडाला वळसा घालून पतंगाचे पंख उपटण्यात गढलेल्या. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाण्यातच काहीतरी बिघडलं असणार असं वाटलं. नवा थेंब ठेवला. तोही तसाच वाळून गेला.

मुंगीला गोड आवडतं, हे आपण लहानपणापासून धरून चालतो. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं कळायचं तर प्रश्नच बदलावा लागतो: मुंगी जे उचलून नेते, ते खातं कोण?

प्रश्न मुंगीएवढा दिसत असला तरी लहान नाही. २०२२ साली संशोधकांनी जगभरातल्या ४८९ अभ्यासांमधले आकडे एकत्र करून पृथ्वीवरच्या मुंग्यांचा अंदाज काढला. तो आला २० वर १५ शून्यं इतका. त्यांच्या शरीरांतला नुसता कर्ब मोजला तरी १.२ कोटी टन भरतो, म्हणजे सगळे रानपक्षी आणि रानातले सस्तन प्राणी एकत्र केले तरी त्याहून जास्त. एवढी तोंडं रोज काय शोधतात, काय नेतात आणि काय सोडून देतात, यावर जंगलातलं बरंच काही ठरतं.

कंबर इतकी बारीक की घास उतरतच नाही

मुंगीच्या छातीला आणि पोटाला जोडणारी कंबर एखाद्या दोऱ्यासारखी असते. अन्ननलिका त्या कंबरेतूनच पोटाकडे जाते. तिथून पतंगाचा तुकडा काय, साखरेचा कणही जाणं कठीण. म्हणून वाढ पूर्ण झालेली मुंगी घन पदार्थ गिळत नाही, ती फक्त पिते. तिचे जबडे कापायला, ओढायला, उचलायला आणि भांडायला असतात. रसाबरोबर आलेला बारीकसारीक गाळ अडवायला तिच्या तोंडात, घशाच्या अलीकडे, एक छोटी पिशवी असते. तिथे साठलेल्या गाळाची गोळी होते आणि ती गोळी मुंगी थुंकून टाकते.

मग तो पतंग कुणासाठी? आत, अंधारात पडलेल्या अळ्यांसाठी. पांढऱ्या, बिनपायाच्या, जागच्या जागी वळवळणाऱ्या या अळ्या म्हणजे मुंग्यांची पोरं. त्यांना घन अन्न पचतं. अनेक जातींत कामकरी मुंग्या मांसाचा तुकडा सरळ अळीच्या तोंडाशी ठेवतात, काही जातींत आधी चावून मऊ करून देतात. अळीला अंग वाढवायचं असतं, म्हणून प्रथिनं हवीत. राणीला अंडी घालायची असतात, तिलाही प्रथिनं हवीत. कामकरी मुंगीची वाढ मात्र कधीच थांबलेली असते. तिला हवं असतं ते दिवसभर पळायचं इंधन, आणि ते इंधन म्हणजे साखर.

थोडक्यात, गोड कामकऱ्यांचं आणि मांस पोराबाळांचं. ही वाटणी ढोबळ आहे, पण ती ध्यानात ठेवली की सुरुवातीच्या त्या थेंबाचं कोडं सुटायला लागतं.

दोन पोटं, एक स्वतःचं आणि एक सगळ्यांचं

साखरपाणी पिऊन परत निघालेली मुंगी भिंगाखाली बघण्यासारखी असते. तिच्या पोटावरच्या गडद पट्ट्या एकमेकींपासून लांब झालेल्या असतात, मधली पातळ कातडी ताणली जाते आणि उन्हात धरलं तर आतलं पाणी चमकताना दिसतं. येताना हेच पोट मिटलेलं होतं.

हे सगळं पाणी तिचं नसतं. बहुतेक मुंग्यांच्या पोटात आधी एक साठवणीची थैली असते आणि तिच्या मागे खरं पचनाचं पोट. दोन्हींच्या मध्ये एक झडप असते. मुंगी स्वतःला लागेल तेवढंच झडपेतून मागे सोडते, बाकीचं थैलीत जपून घरी आणते. या थैलीला ‘सामाईक पोट’ म्हणतात. वारुळात शिरल्यावर दुसरी मुंगी समोर येते, मिशांनी तिच्या डोक्यावर हलके हलके टकटक करते, दोघींची तोंडं जुळतात आणि थेंब एकीकडून दुसरीकडे जातो. घेणारी पुढे तिसरीला देते, तिसरी अळीला.

१९५७ साली एडवर्ड विल्सन आणि थॉमस आयस्नर या शास्त्रज्ञांनी अन्नात किरणोत्सारी खूण मिसळून ते मोजक्या मुंग्यांना पाजलं आणि ते पुढे कुठे कुठे जातं ते तपासलं. काही जातींत ते भराभर घरभर पसरलं. एकीनं प्यायलेलं सगळ्यांच्या पोटात.

यादी कुणी लिहीत नाही, तरी खरेदी बरोबर होते

बाजारात गेलेला माणूस घरी काय संपलंय ते बघून खरेदी करतो, स्वतःच्या जिभेचं ऐकून नाही. मुंगीचंही तसंच, फक्त तिला यादी लिहून देणारं कुणी नसतं. राणी हुकूम सोडत नाही, तिचं काम अंडी घालणं. बाहेर जाणाऱ्या मुंग्या तर बहुधा वयस्क कामकरी असतात. तरुण मुंग्या आत अळ्यांपाशी राहतात आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात धोक्याच्या कामाला बाहेर पडतात. म्हणजे जिला भूक लागली आहे ती अळी आत, आणि जी अन्न शोधते ती मुंगी बाहेर. दोघींची गाठही पडत नाही.

निरोप पोचतो तो देवघेवीतून. अळ्या भुकेल्या असल्या की त्यांना भरवणाऱ्या मुंग्यांची पोटं रिकामी होतात, आणि बाहेरून आलेला माल हातोहात उचलला जातो. जे नको आहे ते घेऊन आलेल्या मुंगीला गिऱ्हाईक मिळत नाही, तिचं ओझं उतरायला वेळ लागतो. लवकर मोकळी झालेली मुंगी लवकर परत जाते आणि जाताना त्या अन्नाकडे इतरांनाही वळवते. अडकून पडलेली मुंगी तेवढ्या फेऱ्या करत नाही.

ऑड्री ड्यूसुतूर आणि स्टीफन सिम्पसन यांनी २००९ साली ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या डोक्याच्या मुंग्यांवर केलेल्या प्रयोगातून हे नेटकं दिसलं. प्रथिनं आणि कर्बोदकं वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेली अन्नं समोर ठेवली, तर वसाहत त्यांतून आपल्याला हवा तो मेळ साधून घेई. प्रथिनं फार झालेलं अन्नच नशिबी आलं, तर मुंग्या त्यातली कर्बोदकं काढून घेत आणि जास्तीची प्रथिनं चोथ्याच्या गोळ्या करून बाहेर टाकत. बागेतल्या काळ्या मुंग्यांवरच्या २०१२ सालच्या कामात पुढची गोष्ट कळली. सतत प्रथिनांनी भरलेल्या अन्नावर ठेवलेल्या कामकरी मुंग्या लवकर मेल्या आणि वसाहती कोसळल्या. अळीला जे वाढवतं तेच अन्न अति झालं तर कामकरी मुंगीला मारतं.

आता सुरुवातीचा थेंब आठवा. वारुळात अळ्यांची नवी पिढी वाढीला लागली की बाहेर मांसाची मागणी चढते. अळ्या कोषात गेल्या की ती उतरते.

जे पान तिला बाधत नाही, तेही ती नाकारते

मुंगी स्वतःसाठी निवडत नाही याचा मला सर्वांत पटणारा पुरावा अमेरिका खंडातल्या पानकापू मुंग्यांचा आहे. त्या पानांचे तुकडे डोक्यावर धरून नेताना पाहिल्या की वाटतं, पानं खात असणार. त्या खात नाहीत. कापताना झिरपणारा रस पितात, पण पानं नेतात ती भूमिगत कोठ्यांमधल्या बुरशीला खत म्हणून. ती बुरशी त्यांचं पीक आहे आणि अळ्या त्याच पिकावर वाढतात.

संशोधकांनी अन्नाच्या तुकड्यांत बुरशीनाशक मिसळलं. मुंग्यांना त्याची बाधा नव्हती आणि त्यांना त्यात खोट लागलीही नाही. त्यांनी तुकडे उत्साहाने नेले. पण आत गेल्यावर बुरशी आजारली, आणि मग त्याच मुंग्या त्या प्रकारच्या अन्नाला शिवेनात. पुढे बिनविषारी तुकडे ठेवले तरी नाहीच. हा नकार काही आठवडे टिकला. ज्या वसाहतींना असा अनुभव आला नव्हता, त्यांतल्या मुंग्या तेच अन्न बिनदिक्कत उचलत होत्या. पिकाला काय सोसलं नाही हे शेतकऱ्याने लक्षात ठेवावं, तसं हे आहे.

रानात साखर येते कुठून?

मुख्यतः किड्यांच्या मागच्या बाजूने. मावा, खवले कीड, तुडतुडे हे किडे झाडाच्या अन्नवाहिन्यांत सोंड खुपसून रस पितात. त्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनांचे घटक थोडे. गरजेपुरते घटक मिळवायला किड्याला खूप रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. हे थेंब मुंग्या टिपतात. मुंगी मिशांनी माव्याला चुचकारते आणि तो थेंब सोडतो. बदल्यात ती माव्यावर टपलेल्या किड्यांना हुसकावून लावते. दुभत्या जनावरासारखं हे नातं. पण तेवढंच मवाळ आहे असं समजू नका. गोड दुसरीकडून सहज मिळायला लागलं तर त्याच मुंग्या माव्याला मारून खातात, कारण आता त्याच्या रसापेक्षा त्याच्या अंगातल्या प्रथिनांची किंमत जास्त.

उष्ण प्रदेशातल्या घनदाट जंगलांत झाडांच्या शेंड्यांवर मुंग्या अफाट असतात. सगळ्या शिकारी असत्या तर इतक्यांना पुरेल एवढी शिकार आली कुठून, हे कोडंच होतं. डायान डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली पेरू आणि बोर्निओतल्या मुंग्यांच्या अंगातला नायट्रोजन तपासला. नायट्रोजनचा एक किंचित जड प्रकार असतो. वनस्पती, ती खाणारा, त्याला खाणारा, अशा प्रत्येक पायरीवर त्याचं प्रमाण वाढत जातं, त्यामुळे कोण कुठल्या पायरीवर जेवतं ते कळतं. शेंड्यावरच्या अनेक मुंग्या शिकाऱ्यांच्या पायरीवर नव्हत्याच. त्या थेट मधुरसावर किंवा किड्यांनी गाळून दिलेल्या झाडाच्या रसावर जगत होत्या, म्हणजे जवळजवळ शाकाहारी.

मीठही लागतं, मूत्रही चालतं

रसावर जगायचं तर उणिवा भरून काढाव्या लागतात. वनस्पतींत सोडियम फार कमी असतं. २००८ साली मायकेल कास्पारी आणि सहकाऱ्यांनी अमेरिका खंडांत ठिकठिकाणी मिठाच्या आणि साखरेच्या पाण्याची आमिषं ठेवली. समुद्राचा वारा मीठ आणतो, त्यामुळे किनाऱ्याजवळ मुंग्यांना मिठाचं अप्रूप नव्हतं. जसजसं आत जावं तशी मिठाकडची गर्दी वाढली. किनाऱ्यापासून १०० किलोमीटरहून आत तर मुंग्यांनी मिठाचं पाणी साखरेच्या पाण्यापेक्षा जास्त पसंत केलं. शिकारी मुंग्यांना मात्र ही ओढ कमी होती, कारण भक्ष्याच्या अंगात मीठ असतंच.

डोंगळ्यांच्या पोटात तर बॅक्टेरिया मुक्कामाला असतात. मूत्रात असतो त्या युरियातला नायट्रोजन वापरून ते प्रथिनांचे घटक बनवून देतात. म्हणून डोंगळे पक्ष्यांच्या विष्ठेवर आणि जनावरांच्या मूत्राने भिजलेल्या मातीवर गोळा झालेले दिसतात. ती घाणीची आवड नाही, ती कमतरता भरून काढण्याची धडपड आहे.

“वाट तर वासाने सापडते, मग डोकं कशाला?”

वासाची गोष्ट खरी आहे. अन्न सापडलेली मुंगी परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत फेरोमोन, म्हणजे इतरांना खूण पटवणारं गंधद्रव्य, सोडत येते. दुसऱ्या मुंग्या त्या रेषेवरून जातात, त्यांनाही अन्न मिळालं की रेषा आणखी गडद करतात. अन्न संपलं की कुणी खूण सोडत नाही आणि वास उडून जातो. १९८९ साली अर्जेंटिनी मुंग्यांच्या घरापासून अन्नापर्यंत दोन पूल ठेवले, एक लांब आणि एक आखूड. आखूड पुलावरच्या मुंग्या लवकर परतल्या, तिथला वास आधी दाट झाला आणि काही वेळात बहुतेक रहदारी तिथूनच होऊ लागली. कुठल्याही मुंगीने दोन्ही पूल मोजले नव्हते.

पण एवढ्यावरून मुंगीला वासाची गुलाम ठरवू नये. बागेतल्या काळ्या मुंगीला अन्नाची जागा एक-दोन फेऱ्यांत पाठ होते. तिची आठवण एक दिशा सांगत असेल आणि वासाची रेषा दुसरी, तर बहुतेक मुंग्या आठवणीचं ऐकतात. युरोपच्या सूचिपर्णी जंगलातल्या तांबड्या मुंग्या वर्षानुवर्षं ठरावीक झाडांवर जातात. हिवाळ्यानंतर म्हाताऱ्या मुंग्या गेल्या वर्षीच्या झाडांच्या वाटा धरतात आणि नव्या मुंग्या त्यांच्या मागून शिकतात.

२०१९ सालचा एक प्रयोग तर मला फार भावतो. काही मुंग्यांना आधी खूप गोड पाणी मिळालं, मग मध्यम गोड. मध्यम गोड पाणी इतर मुंग्या आनंदाने पीत होत्या, पण या मुंग्यांनी ते तितक्या उत्सुकतेने स्वीकारलं नाही. अपेक्षाभंगाने अन्नाची चव उतरते, आणि एवढ्याशा डोक्यातही अपेक्षा असते.

“पण सगळ्याच मुंग्या काही रांगेने जात नाहीत”

बरोबर. कित्येक शिकारी मुंग्या एकट्या हिंडतात, डोळ्यांनी भक्ष्य हेरतात आणि डंख मारून ते उचलून आणतात. यांतल्या अनेकींना तोंडातून भरवणं जमत नाही. तरीही दक्षिण अमेरिकेतली बुलेट मुंगी मधुरसाचा थेंब जबड्यांमध्ये तोलून धरत घरी आणते. ओंजळीत पाणी आणावं तसा. घरच्यांसाठी नेणं चुकत नाही, नेण्याची रीत बदलते.

दुसऱ्या टोकाला आहेत लष्करी मुंग्या. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली एक जात साधारण १५ दिवस जवळपास रोज मुक्काम हलवत, रोज धाडी घालत राहते आणि मग साधारण २० दिवस एका जागी थांबते. भटकंतीच्या दिवसांत तिच्याकडे वाढत्या अळ्या असतात. अळ्या कोषात गेल्या की धाडी मंदावतात. नव्या अळ्या आल्या की पुन्हा कूच. लाखोंचं सैन्य चालतं ते पोरांच्या भुकेवर.

बी पेरणारी भूक

या भुकेचा फायदा झाडांनी उठवला आहे. निदान ११,००० जातींच्या वनस्पती आपल्या बियांना एक लहानसा स्निग्ध गोळा जोडून ठेवतात. त्यातली चरबी मेलेल्या किड्याच्या अंगातल्या चरबीशी मिळतीजुळती असते. मुंगीला वाटतं, हे अळ्यांचं खाणं. ती बी ओढत घरी नेते, अळ्या गोळा खातात आणि उरलेलं बी वारुळाच्या उकिरड्यावर जातं. तिथली माती मऊ असते, आणि उंदरांपासून व वणव्यापासून बचावही होतो.

“कुठलीही मुंगी असली तरी काय फरक पडतो?”

दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला फिनबोस नावाचं झुडपी रान आहे. तिथली कितीतरी झुडपं बियांसाठी मुंग्यांवर अवलंबून आहेत. माणसांच्या मालाबरोबर तिथे अर्जेंटिनी मुंगी पोचली आणि तिने मोठ्या देशी मुंग्यांना हटवलं. मुंग्यांचा दुष्काळ कुठेच पडला नाही. पण ही मुंगी लहान. मोठं बी तिला ओढवत नाही, ती गोळा जागेवरच कुरतडते आणि बी उघड्यावर सोडते. पुढे वणव्यानंतर जी रोपं उगवली, त्यांत मोठ्या बियांची झुडपं कमी झालेली आढळली.

हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरची गोष्ट याहून भयंकर आहे. तिथल्या जंगलाची जमीन लाल खेकडे झाडल्यासारखी साफ ठेवत. ते पाचोळा खात, कोवळी रोपं खात. बाहेरून आलेली पिवळी वेडी मुंगी तिथे बरीच वर्षं फारसा गाजावाजा न करता होती. १९८९ साली तिच्या एकमेकींत मिसळलेल्या अवाढव्य वसाहती पहिल्यांदा दिसल्या. ती चावत नाही, आम्ल फवारते. त्या आम्लाने खेकडे आंधळे होऊन मरतात, आणि असे कोट्यवधी खेकडे मेले. ते गेले तिथे रोपांची दाटी झाली, पाचोळ्याचे थर साचले, जंगलाचं रूपच पालटलं.

एवढ्या मुंग्यांना पळायला आणि लढायला इंधन कुठून मिळत होतं? वर, फांद्यांवर, बाहेरूनच आलेल्या खवले किडीच्या गोड थेंबांतून. मुंग्या किडीला राखत होत्या आणि कीड मुंग्यांना पोसत होती. हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून मुंग्या मारून पाहिल्या, पण त्या पुन्हा वाढत. शेवटी संशोधकांनी मुंगीचा नाद सोडून तिच्या अन्नावर लक्ष वळवलं. मलेशियातून एक चिमुकली परजीवी गांधीलमाशी आणली आणि डिसेंबर २०१६ पासून ती बेटावर सोडायला सुरुवात केली. ही माशी खवले किडीच्या अंगात अंडी घालते आणि कीड मरते. मुंगीला ती शिवतही नाही.